बाहेरची कडी

रामकिसनदादा,

माझ्या कानात आवाज यायचे तवा तू मला माडीवरच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचास. कोरोनात तूच आजारी पडलास आन् त्याच खोलीत एकटा राहिलास. "द्वारके, लई भ्या वाटतंय गं," म्हणून रडलास.

मी माझी गोळी घेऊन दाराबाहेर लसूण सोलत बसले. भीती आली की हातातलं काम मोठ्यानं सांगायचं, हे डॉक्टरीणबाईंनी मला शिकवलेलं, ते तुला शिकवलं.

"मी लसूण सोलतेय."

"मी पाणी पितोय," तू आतून म्हणालास.

तरलो आपण, दादा!

आज तू कांदा घेऊन वैजापूरला गेलायस. हे पत्र तुला देणार नाय. दार बघशील तवा कळंलच. आत्ताच स्क्रू काढायचा पेचकस घेऊन माडीवर गेले आन् गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी कडी काढतेय!"

तुझी धाकटी,
द्वारका