नववं कलम

मेडेम्ब्लिक, २ मे १६६९

चि. राइनिर यास लीस्बेटताईचे आशीर्वाद, आणि त्यामागोमाग दोन धपाटे.

तुझा छापील प्रबंध पोचला. पहिल्याच पानावर आई, मी आणि ट्राइनअक्का, तिघींना अर्पण! अक्काला तिचं नाव बोट ठेवून दाखवलं, तर तिने ते पान अख्ख्या गल्लीत मिरवलं. मग मी पुढचं वाचलं. तुझ्या शेजारी बसून लॅटिन मीही घोकलीय, विसरलास वाटतं. जनावर म्हणजे घड्याळ, कुत्रं केकाटतं तो नुसता चाकांचा आवाज. हे देकार्तचं म्हणणं, बरं, असू दे. पण नववं कलम? ज्याला वाचा नाही त्याला मन नाही? अरे, मुकेबहिरे खुणांनी आपलं म्हणणं सांगतात हे देकार्तनेसुद्धा मान्य केलंय, तुझे गुरुजी त्याच्याही पुढे धावले! ज्या मुक्याबहिऱ्या बहिणीने तुला कडेवर वाढवलं तिलाच अर्पण करून तिलाच घड्याळात काढतोस? पदवीच्या सभेत उभा राहशील तेव्हा नववं कलम मला मान्य नाही, एवढं म्हण.

लोभ आहेच, पण आज तो तापलाय.
लीस्बेट

७ मे

ती. ताईस राइनिरचा साष्टांग नमस्कार.

किती वेळा सांगू, प्रबंध माझा नाही! इथे विद्यापीठात गुरुजी लिहितात, विद्यार्थी छापून घेतो आणि सभेत लढवतो, अशीच रीत आहे. अर्पणाचं पान तेवढं माझं. नववं कलम गुरुजींचं लाडकं. ते नाकारलं की पदवी गेली, पदवी गेली की होर्नच्या शाळेतली नोकरी गेली, मग बसतो तुझ्यासोबत दोर वळत. शिवाय ते माकडं-पोपटांबद्दल आहे. तू प्रत्येक गोष्ट घरात ओढून आणतेस, वैताग आहे नुसता! हरकती घेणारा मित्र ठरलाय, प्रश्न ठरलेत, उत्तरं पाठ आहेत. अक्काला मात्र आणू नकोस. ती मधेच घशातून आवाज काढते, लोक वळून बघतात.

राग गिळ, माया तेवढी ठेव.
राइनिर

११ मे

चि. राइनिरास आशीर्वाद.

आणू नकोस म्हणे! मग तूच कळव तिला. चार दिवस बोचकं बांधून दारात बसलीय. आईचे गुडघे धरलेत, म्हणून मंगळवारच्या होडीने आम्ही दोघीच निघतो. अजून वेळ आहे. एकच वाक्य बोलायचंय तुला.

भेटीत काय ते बोलू.
लीस्बेट

१७ मे

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

काल जेवायलाही न थांबता तुम्ही होडी गाठलीत. अक्का गळ्यात पडली, तू तोंड फिरवलंस. सज्जात बायकांना किती ऐकू येतं कोणास ठाऊक, म्हणून घडलं तसं लिहितो. आठ कलमं सुरळीत पार पडली. नववं निघालं, मी पाठ केलेलं म्हणू लागलो, की वाचा नाही तिथे मन नाही. तेवढ्यात वरून अक्काने खूण केली, पोटात काही गेलंय का तुझ्या? आणि माझा हात आपोआप उठला, नंतर जेवतो. ताई, तोंडात ते वाक्य आणि हातांनी मी तिच्याशी बोलतोय! मित्राने ते टिपलं आणि न ठरलेला प्रश्न टाकला, उमेदवार आत्ता कोणाशी बोलले? गुरुजी माझ्याकडे बघत होते. बहिणीशी, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, कोणाशी नाही. मग टाळ्या झाल्या, पदवी मिळाली. कालपासून स्वतःचीच चीड येते. मला हवं तेवढं झोड, पण अक्का कशी आहे ते कळव.

तुझा करंटा भाऊ,
राइनिर

२३ मे

चि. राइनिरास आशीर्वाद, सवयीने.

सगळं ऐकू आलं मला. म्हणूनच थांबले नाही. झोड म्हणतोस, पण तेवढं बळ आता माझ्यात नाही.

अक्का खुशीत आहे. येईल त्याला अडवून सांगते, एवढी मोठी सभा, एवढे काळे झगेवाले, आणि राइनिर बोलला कोणाशी? मग स्वतःच्या छातीवर हात ठेवते. हेरिंग मासळीवालीला तीनदा सांगून झालं. त्यानंतर तू काय म्हणालास ते तिला ऐकू आलेलं नाही, आणि मी सांगितलेलं नाही. ते तू येऊन सांग. तुम्हां दोघांच्या खुणा तुम्हीच घडवलेल्या. कोणाशी नाही, याची खूण मला येत नाही.

तुझी ताई,
लीस्बेट