मधलं पान

५ एप्रिल

ग्रंथालयात जाऊन आले. रिकाम्या हातानं परत.

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ताईकडे जाते, पुस्तकांची पिशवी घेऊन. तिच्यासाठी मी निवडायचं, माझ्यासाठी तिनं. नियम सगळे तिचे. पाच पुस्तकं, पाचही बायकांनी लिहिलेली, आणि एकीचं जग दुसरीला लागून नको. "एकाच गल्लीतल्या बायका आणू नकोस गं, सगळ्या एका सुरात रडतात." आणि पारख मधल्या पानावरून. पुस्तक मधोमध उघडायचं, मोठ्यानं वाचायचं. ऐकणारीनं एकच शब्द बोलायचा — घे, नाहीतर ठेव. "पहिल्या पानावर सगळ्याच नटून बसतात," असं म्हणते ती.

म्हणायची.

८ एप्रिल

हिवाळ्यात ताईच्या मेंदूत रक्तस्राव झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. एक शब्दही नाही. डॉक्टर म्हणतात, तिला किती समजतं ते सांगता येत नाही. बोलणं यायचंच असेल तर बहुतेक या पहिल्या महिन्यांत येईल.

ताई आत आहे की नाही, एवढंच मला कळायला हवंय. बोलली नाही तरी चालेल. (खोटं. चालणार नाही.)

१२ एप्रिल

निवडली एकदाची. ग्रंथपालबाई मदतीला आल्या. कर्करोगातून उठलेली नर्तकी. अंध शिक्षिका. लढाईत पाय गमावलेली परदेशी नर्स, अनुवाद बरा आहे. आणखी दोन. सगळी पातळ, ठळक अक्षरांची. बाई म्हणाल्या, "यातून उभारी मिळेल हो त्यांना."

मला नाही मिळाली. पण मी कुठे आजारी आहे?

३ मे

ताईकडे. खिडकीजवळ खुर्चीत बसवतात तिला. केस कापलेत. मला बघून चेहरा हलला — की मीच हलला असं धरलं?

नर्तकीचं मधलं पान वाचलं. ताईनं डाव्या हातानं पुस्तक ढकललं. शिक्षिकेचं वाचलं. तेही. तिसरं उघडेपर्यंत डोळ्यांतून पाणी. भावजी स्वयंपाकघरातून धावत आले. "कशाला छळतेस तिला? पुस्तक दिसलं की रडते ती. मी सगळी माळ्यावर टाकलीत."

खरंच, कपाटात एकही पुस्तक नाही. त्यात आता औषधं आणि चादरी.

४ मे

भाची रात्रपाळी करून आली. चहा घेता घेता तिनं माझी पिशवी उपसली नि हसत सुटली. "मावशी, सगळ्या आजारीच बायका आणल्यास? आईला आधीच एका आजारी बाईचा कंटाळा आलाय."

मी म्हटलं, "हसतेस काय गं!"

"मग काय करू? तिच्यापुढे सगळे तोंड पाडून बसतात."

एकाच गल्लीतल्या पाच बायका! ताईचा नियम मी मोडला, आणि मला समजलंसुद्धा नाही.

११ मे

इथल्या दुकानातून नवी पाच आणली. ट्रक चालवणारी. तुरुंगात राहिलेली, पण पश्चात्ताप न झालेली. बेटावरची सुईण. मठ सोडून पळालेली. पाचवी एक खवचट म्हातारी, तिनं अख्खं पुस्तक शेजाऱ्यांच्या तक्रारी करण्यात घालवलंय. जाडजूड, बारीक अक्षरांची. माझेच डोळे दुखले.

भावजी म्हणाले, "वाच बाई, वाच. तुझं समाधान होऊ दे."

१५ मे

म्हातारीच्या एका वाक्याला ताईचा ओठ हलला. नक्की हलला. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंना सांगितलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हसूच असेल असं नाही. स्नायू असे अधूनमधून हलतात."

त्यांना वाईट वाटत होतं. म्हणूनच जास्त लागलं.

१९ मे

काही नाही.

२४ मे

मी वाचते, ती खिडकीच्या पडद्याकडे बघते. ढकलत नाही, रडत नाही. भावजी म्हणतात, "बघ, शांत झाली." मला ते ढकलणं परत हवंय.

आज वाचताना मध्येच दोन ओळी गाळल्या. मुद्दाम. पूर्वी लगेच पकडायची. नजर पडद्यावरच.

दुपारी तिचे केस विंचरले. काय करणार दुसरं? डोकं तेच आहे, उजवीकडचा भोवराही तोच. आत कुणी आहे का, हे विचारायचं कुणाला?

२८ मे

परवा निघायचं. भावजींनी आज मला बसवून सांगितलं, "तू दर वर्षी ये. पण वाचायला नको, नुसती ये." वाईट मनानं नाही म्हणाले. सकाळपासून ताईचं सगळं तेच करतात, मी दोन पानं वाचून थकते.

पिशवी भरताना तळाशी माझा गठ्ठा हाताला लागला. नव्या कादंबरीचा खर्डा. सवयीनं आणला होता. माझं लिखाण पहिल्यांदा ताईच ऐकते, त्याच नियमानं. तीन वर्षं लिहितेय. संपादक म्हणाले, तुमचं आजवरचं सगळ्यांत चांगलं.

ताईला वाचून दाखवायचा धीर होत नाही. इतरांची पुस्तकं वाचताना ती पडद्याकडे बघत राहिली, ते मी सोसलं. हे वाचतानाही तशीच बघत राहिली तर मग उरलं काय? मी कुणासाठी लिहीत होते?

३० मे

टॅक्सी खाली येऊन थांबली होती. तरी वाचलंच. गठ्ठ्यातलं मधलं पान. कुणाचं ते सांगितलं नाही.

ताईनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग ओठ जुळवायला लागली. फार वेळ लागला.

"ठेव."

भावजी दारातच खाली बसले. मी तेच पान पुन्हा वाचलं. खरं आहे तिचं. मधलं पानसुद्धा नटून बसलंय.

तीन वर्षांचं काम! टॅक्सी परत पाठवली.