साडी कुणी घ्यायची

रूवी, मस्कत
१७ डिसेंबर २०२२

प्रिय राहेल,

पत्राची सुरुवात प्रकृतीने करावी असं मठाच्या शाळेत सिस्टर हिलारियांनी शिकवलं होतं, म्हणून आधी तेच लिहिते. मी बरी आहे. डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना मात्र नाही. तुझा खोकला गेला का? माझ्या वॉर्डातली नर्स ॲलिस बुधवारी ख्रिसमसच्या सुट्टीवर निघतेय. तिचं गाव आपल्या कोझेंचेरीच्या पुढेच आहे, तिच्या हाती हे पत्र देते. आपण फोनवर रोज बोलतो हे खरं, पण तू दोन पानं हाताने लिहून पाठवलीस, त्यांचं उत्तर फोनवर देणं मला जमणार नाही. शिवाय फोनवर नेमकं महत्त्वाचं आलं की थोरल्या बहिणीला अर्ध्यात सोडून तू 'चेची, दूध उतू जातंय' म्हणून पळतेस.

तीस तारखेचं, कायमचं परत यायचं तिकीट झालं. अठ्ठावीस वर्षं दोन खोक्यांत आणि एका बॅगेत बसवायची आहेत. आजवर सुट्टीला येताना खोकी भरणं म्हणजे सणच असायचा. दुधाची पावडर, टायगर बाम, पाप्पच्चनसाठी छत्री, अम्माचीसाठी ब्लँकेट, जिन्सीचे बूट, तेही अंदाजाने एक माप मोठे. दोरीने करकचून आवळायचं आणि चारही बाजूंना ठळक अक्षरांत नावगाव लिहायचं. या वेळी काय भरावं तेच कळत नाही. सगळं आता तिकडे मिळतं, आणि इथल्यापेक्षा चांगलं मिळतं. काल ॲलिस मदतीला आली, अर्धं रिकामं खोकं पाहून म्हणाली, "चेची, यात घालण्यासारखं तुझ्याकडे काही उरलेलं नाही. तूच बस आत, मी दोरी बांधते." वॉर्डातल्या बाकीच्या मुली तर पैजा लावून बसल्या आहेत. म्हणतात, "दोन महिन्यांत परत येशील बघ. गावात पहिल्या आठवड्यात विचारतात, कधी आलीस? दुसऱ्या आठवड्यात विचारतात, कधी निघणार?" मी हसण्यावारी नेते, पण त्यांचं खोटं नाही. आपल्या गावाने मला कधी महिन्याहून जास्त पाहिलेलं नाही.

आता साडीचं. नऊ जानेवारीला जिन्सीचं लग्न लागलं की चर्चमधून सगळे हॉलमध्ये येतील, केक कापून होईल, आणि मग नवरदेव टिजो स्टेजवर मुलीच्या आईच्या हातात कोरी साडी ठेवेल, तुम्ही हिला वाढवलंत म्हणून. आजीलाही एक देतात, पण अम्माची आता नाही, म्हणजे साडी एकच. महिन्यापूर्वी जिन्सीने फोनवर घसा खाकरत विचारलं, "मम्मी, ती साडी अम्माने घेतली तर तुला वाईट वाटेल?" तुला अम्मा आणि मला मम्मी, याची मला केव्हाच सवय झाली आहे. मी म्हटलं, "छे गं, तिनेच घ्यायला हवी." इतक्या चटकन म्हटलं की पोरगी पलीकडे चपापली. मागोमाग पाप्पच्चनचा फोन. आपला भाऊ सत्तरीला आला तरी आवाज अजून पंचायतीच्या सभेतलाच आहे. "जन्म दिलेली आई धडधाकट उभी असताना साडी बिनलग्नाच्या मावशीला? लोक जेवायला येणार आहेत की तमाशा बघायला?" मी म्हटलं, "दोन्ही होईल, तू ये तर खरा." आणि मग तुझी दोन पानं आली. पहिल्यावर तू लिहिलं आहेस की साडी मी घेणार नाही, स्टेजवर चढणारसुद्धा नाही, मागे वाढप्यांकडे बघत थांबेन. दुसऱ्या पानावर तू कारण लिहिलंस. त्या पानाकडे मी येणार आहे, मला जरा वेळ दे.

जिन्सीचे वडील कुरियन वारले तेव्हा ती अकरा महिन्यांची होती. तिला तुझ्या कडेवर देऊन मी इथे आले, तेव्हा तू चोवीस वर्षांची होतीस. इथली एक रीत मी तुला कधी सांगितली नाही. इथे मूल झालेल्या बाईला तिच्या नावाने हाक मारत नाहीत, मुलाच्या नावाने मारतात. अमक्याची आई, तमक्याची आई. मी मुलांच्या वॉर्डात रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या ओमानी बाईने मला विचारलं, "तू कुणाची आई?" मी म्हटलं, जिन्सीची. तेव्हापासून त्या वॉर्डात मी 'उम्म जिन्सी' झाले. जिन्सीची आई, सुई हळू टोच. जिन्सीची आई, याने रात्रभर दूध घेतलं नाही. दिवसातून पन्नास वेळा. बायका विचारायच्या, जिन्सी आता केवढी झाली, काय खाते? मी सांगायचे. तू पत्रात लिहिलेलं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगायचे. पहिला दात पडला तेव्हा तो छपरावर टाकताना ती कशी रडली, हे मी इतकं रंगवून सांगितलं की एक बाई ओढणीने डोळे पुसायला लागली. तेव्हा मी दोन हजार किलोमीटरांवर सलाइनच्या बाटल्या बदलत होते.

तू पाठवायचीस त्या कॅसेट आठवतात? कुणी सुट्टीवरून परत येणारं असलं की त्यांच्या हाती लोणच्याच्या बाटलीबरोबर एक कॅसेट. शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, मी ती लावून भाजी निवडत बसायचे. जिन्सीचं गाणं, जिन्सीचे पाढे, आणि मागून तुझं कुजबुजणं, "सांग ना मम्मीला, परीक्षेत कितवी आलीस?" एका कॅसेटमध्ये तू बटण बंद करायला विसरलीस. गाणं संपलं आणि नंतर वीस मिनिटं नुसतं तुमचं घर ऐकू येत राहिलं. तू नारळ खवत होतीस. ती म्हणाली, "अम्मा, मला एक तुकडा." तू म्हणालीस, "आमटीला काय घालू मग, तुझं डोकं?" ती खिदळली, तू दिलास. एवढंच. ती कॅसेट मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकली, आणि सगळ्यांत जास्त त्रासही तिनेच दिला, कारण माझ्यासाठी रेकॉर्ड केलेलं काहीच त्यात नव्हतं.

सुट्टीवर आले की पहिले चार दिवस ती तुझ्या पदराचं टोक धरून माझ्याकडे बघायची. पाचव्या दिवशी जवळ यायची. चौथीत असताना भरल्या घरात, पाहुण्यांसमोर तिने मला विचारलं, "मम्मी, तू किती तारखेला जाणार? माझी बाहुली बोलेनाशी झालीये, पुढच्या वेळी नवी आण." सगळे हसले. पाप्पच्चन तर मांडीवर थाप मारून हसला, "पोरगी हिशेबी आहे, आपल्यावर गेली!" मीही हसले. तू एकटी हसली नव्हतीस, तू तिला आत घेऊन गेलीस आणि दटावलंस. मला ते ऐकू येत होतं, आणि खरं सांगू, तिच्या बोलण्यापेक्षा तुझं ते दटावणं मला जास्त लागलं. माझ्या वतीने माझ्याच मुलीला कुणीतरी रागावत होतं.

आता दुसरं पान. तू लिहिलंस, चेची, नव्याण्णवच्या मे महिन्यात मी पाप केलं. तेव्हा मला कुटुंब आणायची परवानगी मिळाली होती. दोन खोल्यांचं घर, इथल्या भारतीय शाळेत पहिलीची जागा, जिन्सीचा पासपोर्ट, सगळं तयार होतं, आणि मी तिला न्यायला आले होते. त्याच्या आदल्या वर्षी रान्नीच्या त्या शिक्षकाचं स्थळ तू मोडलं होतंस, कारण त्यांना तू हवी होतीस आणि तुझ्याबरोबरची पाच वर्षांची मुलगी नको होती. निघायच्या सकाळी टॅक्सी दारात आली आणि तू आतून आलीस ती थर्मामीटर पुढे करत. "चेची, हिला रात्रीपासून ताप आहे. असं पोर विमानात कसं नेशील?" मी एकटी गेले. पुढच्या वर्षी तिची शाळा बदलायला नको म्हणून, त्याच्या पुढच्या वर्षी मी पाळीवर असताना तिला बघणार कोण म्हणून, असं करत ती राहिली ती राहिलीच. आता तेवीस वर्षांनी तू लिहितेस की तिला ताप नव्हता. थर्मामीटर तू जिऱ्याच्या गरम पाण्यात बुडवला होतास. "मी तुझी मुलगी चोरली," लिहितेस, "चोराने साडी घ्यायची नसते."

राहेल, त्या थर्मामीटरमध्ये एकशे सहा ताप होता. तू घाईत वाचलाही नसशील. एकशे सहा ताप असलेलं मूल ओट्यावर पाय हलवत फणसाचे गरे खात बसत नाही. मी तेव्हा पाच वर्षं मुलांच्याच वॉर्डात काढली होती. पारा वाचला, तिच्या कपाळावर हात ठेवला, कपाळ गार होतं आणि बोटं फणसाने चिकट. तू दाराची चौकट धरून उभी होतीस, तुझे ओठ पांढरे पडले होते. मी थर्मामीटर झटकून पारा खाली उतरवला, डबीत ठेवला आणि अम्माचीला म्हणाले, "हो, अंग बरंच तापलंय. राहू दे हिला." तू एक खोटं बोललीस, मी त्यावर नर्सचा शिक्का मारला.

का, ते मी कुणालाच सांगितलं नाही, पाद्रींनाही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आठवडाभर मला एकच भीती होती, की त्या दोन खोल्यांत ती रोज तुझ्यासाठी रडेल आणि मला तिला उगी करता येणार नाही. दुसऱ्यांची हजार मुलं मी उगी केली, पण ती सकाळी त्यांच्या आयांकडे परत जायची. खोकं घेऊन येणारी मम्मी मला जमत होती. रोजची आई जमेल की नाही, हे तपासून बघायची मला हिंमत झाली नाही. टॅक्सीत बसले तेव्हा मी रडत होते, आणि अख्खं गाव म्हणालं, बिचारी! तेव्हापासून मी लेकीसाठी परदेशात राबणारी त्यागी आई, आणि तू संसार न मांडलेली मावशी. हा मान मी तेवीस वर्षं मिरवला. तू मनात चोर होऊन जगत होतीस, हे मला ठाऊक नव्हतं. पण माहीत करून घ्यायचा प्रयत्नही मी केला नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी जिन्सीला फोन करून हे सगळं सांगितलं. तुझं आणि माझं, दोन्ही. तुला न विचारता सांगितलं, त्याबद्दल तू मला रागाव. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंत. मला कुणीच विचारलं नाही." आणि फोन ठेवला. काल सकाळी तिचा फोन आला, आवाज बसलेला होता. म्हणाली, "टिजोच्या आईला मी सांगितलंय, साडी एकच आणा. कुणाच्या हातात द्यायची ते मी त्याला तिथे स्टेजवर सांगेन. आधी कुणाला कळणार नाही, मलाही अजून कळलेलं नाही. तुम्ही दोघी तिथे उभ्या राहा, एवढंच." मी म्हटलं, "पाप्पच्चनमामाला काय सांगू?" म्हणाली, "त्याला सांग, लवकर ये आणि पुढची खुर्ची पकड."

हे पत्र त्यासाठी आहे. मी तुला माफ करावं म्हणून तू लिहिलंस, पण ते माझ्या हातात नाही, आणि तुझ्याही नाही. जिच्या हातात आहे तिने आपल्याला फक्त उभं राहायला सांगितलं आहे. ती साडी तुझी आहे असं मी मोठ्या मनाने लिहून टाकलं असतं, पण एवढं सगळं खरं लिहिल्यावर शेवटी खोटं कशाला लिहू? मला ती साडी हवी आहे. तुझ्याएवढीच हवी आहे. तिने तुला दिली तर मी घरी येऊन एकटी रडेन, आणि सकाळी तुझ्या हातची कॉफी पिईन. पण तू मागे वाढप्यांमध्ये जाऊन उभी राहिलीस, तर स्टेजवर मी एकटीच उरेन, आणि टिजो ती माझ्या हातात ठेवेल, कारण दुसरं कुणी तिथे नसेल. तशी मला ती नको. वर ये, राहेल. माझ्या शेजारी उभी राहा.

तुझीच,
शोशाम्मा चेची