चांद्या घोडा, मुक्काम चेंबूर

पप्पा, गेल्या रविवारी प्रकाशकांकडची एक मुलगी माझ्या मुलुंडच्या घरी आली होती. पंचविशीची असेल, तुमच्या घोड्याच्या गोष्टी वाचून मोठी झालेली. चपला काढता काढताच म्हणाली, "मॅडम, तुमचं बालपण काय भारी असेल ना, घरात साक्षात चांद्या!" मी पाणी आणायला आत गेले आणि ओट्याशी जरा जास्तच वेळ उभी राहिले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. घरात चांद्या होता, खरंय. मी कुठे होते ते मात्र आजवर कोणी विचारलं नाही.

ती कशाला आली होती ते सांगते. तुमची पुस्तकं नव्याने निघतायत आणि त्यांच्या शेवटी चांद्याने मुलांना लिहिलेली पत्रं छापायचीत. म्हणजे तुम्ही लिहिलेली. 'चांद्या घोडा, मुक्काम चेंबूर' एवढं लिहून खाली आमच्या बिल्डिंगचा नंबर घातला की पत्र बरोबर पोचायचं. पोस्टमन हसत हसत मम्मीच्या हातात गठ्ठा द्यायचा, "घ्या वहिनी, घोड्याची डाक." तुम्ही प्रत्येक पत्राला घोडा होऊन उत्तर लिहायचात, स्वतःच्या हाताने. एकही पोर उत्तराविना राहता कामा नये, असं तुम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगायचात. मी तिथेच चहाचा ट्रे धरून उभी असायचे.

एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच आपलं घर. तुम्ही अंधेरीच्या कारखान्यात स्टोअरकीपर. साडेपाचला घरी, चहा, आणि सहा ते आठ स्वयंपाकघरातलं टेबल तुमचं. त्या दोन तासांत मम्मीला कुकर लावायची बंदी होती, कारण शिटीने घोडा बिथरतो. घोडा म्हणजे तुम्ही. बिचारीने वर्षानुवर्षं पातेल्यात डाळ शिजवली. मला एक काम दिलेलं होतं. जुन्या चपलेचा रबरी तळ कापून तुम्ही खुराचा शिक्का बनवला होता. तुम्ही उत्तर लिहून पुढे सरकवायचं आणि मी चांद्याच्या सहीच्या जागी तो खूर उमटवायचा. बोटं निळी व्हायची. शाळेत बाई ओरडायच्या, पण मला ते काम आवडायचं, खोटं कशाला बोलू. तुमच्या समोर बसायला मिळायचं ना.

घोडा आपल्या घराण्यात खरंच होता, आजोबांच्या टांग्याला, गावाकडे. तो विकला तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात, हे मी तुमच्या एका मुलाखतीत वाचलं. मला तुम्ही कधी सांगितलं नाही. एकदा मला मढला घेऊन गेलात, सिनेमाच्या शूटिंगसाठी घोडे आणलेत म्हणून. मी नवा फ्रॉक घालून आले होते. तुम्ही एका म्हाताऱ्या घोडीच्या मानेवर हात फिरवत, तिच्या कानाशी तोंड नेऊन अर्धा तास काहीतरी बोलत होतात. माझ्याशी अख्ख्या दिवसात एक वाक्य बोललात. "मागे उभी राहू नकोस, लाथ मारेल."

आणि मग तो हनुवटीचा दिवस. मी दहा वर्षांची. जिन्यात पडले, हनुवटी फुटली, फ्रॉकवर हे एवढं रक्त. मम्मी रेशनला गेलेली. मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हटलं, "पप्पा." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आठ वाजू दे." पप्पा, मी थांबले. टॉवेल धरून मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि घड्याळाकडे बघत राहिले. मम्मी सव्वासातला आली आणि मला उचलून डॉक्टरकडे घेऊन धावली. दोन टाके पडले. आम्ही परत आलो तेव्हा आठ वाजून गेले होते. तेव्हा तुम्ही विचारलंत, कशी पडलीस, आधी पाय सटकला की हात सुटला? मला वाटलं, काळजी वाटतेय. पुढच्याच पुस्तकात तुमच्या गोष्टीतली मुलगी जिन्यात पडते, तिच्या हनुवटीला दोन टाके पडतात, आणि चांद्या दवाखान्याच्या दारात मान खाली घालून उभा राहतो. रविवारी आलेली ती मुलगी म्हणाली, ते वाचून ती अजून रडते.

टाके निघाल्यावर मी चांद्याला पत्र लिहिलं. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणीचं नाव घातलं, पत्ताही तिचाच. 'प्रिय चांद्या, माझे पप्पा माझ्याशी बोलत नाहीत. मी काही सांगायला गेले तर नंतर म्हणतात. मी काय करू?' एवढंच. तीन दिवसांनी ते तुमच्या टेबलावर होतं. तुम्ही ते दोनदा वाचलंत, चष्मा पुसलात. नेहमी पोस्टकार्ड घेणारे तुम्ही, त्या दिवशी आंतरदेशीय पत्र काढलंत आणि पाऊण तास लिहीत बसलात. मी समोर, हातात शिक्का घेऊन. तुम्ही कागद पुढे सरकवलात. मी वाचलं नाही, धीरच झाला नाही. शिक्का तिरका टेकला आणि खूर जरा फाटका उमटला. तुम्ही म्हणालात, "नीट मार गं, पोर वाट बघत असेल."

दोन दिवसांनी मैत्रिणीच्या घरी पत्र आलं. ती द्यायला तयार होईना. माझ्या नावाने आलंय, माझंच, म्हणाली. शेवटी मी माझी नवी कंपासपेटी तिला दिली, तेव्हा हातात पडलं. त्यातलं मला पाठ आहे. 'माझ्या लाडक्या मैत्रिणी, टांग्याला जुंपलं की आमच्या डोळ्यांना दोन्ही बाजूंनी झापडं लावतात. मग फक्त समोरचं दिसतं. मोठ्या माणसांचंही तसंच होतं. तुझे पप्पा वाईट नाहीत. तू त्यांच्या बाजूला उभी राहत असशील. समोर जाऊन उभी राहा. बघ, नक्की दिसशील.' असं माझ्याशी आयुष्यात कोणी बोललं नव्हतं. मी ते गच्चीवर बसून वाचलं आणि खूप रडले. दुसऱ्या दिवशी सहा वाजून गेल्यावर, चांद्याने सांगितलं होतं तशी, टेबलाच्या पलीकडे तुमच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले. शिक्का न घेता, नुसतीच. तुम्ही थोडा वेळ लिहीत राहिलात. मग म्हणालात, "उजेड अडवतेयस. सरक."

मी सरकले. तशी मी आयुष्यभर सरकतच राहिले म्हणा. पण मनात एक किडा राहिला होता. वाटायचं, तुम्ही ओळखलं असेल. तोंडाने बोलता येत नव्हतं म्हणून घोड्याच्या तोंडून बोललात, आणि 'सरक' म्हणालात ते लाजून. लग्न झालं, मुलं झाली, तुम्ही गेलात, तरी या एका आशेवर मी तुम्हाला बरंचसं माफ करत आले.

रविवारी त्या मुलीने विचारलं, तुमच्याकडे एखादं पत्र असेलच ना? मी माळ्यावरची ट्रंक काढली. मुलांची सगळी पत्रं तुम्ही गठ्ठे बांधून ठेवली होती. प्रत्येकावर लाल पेन्सिलीने शेरा, स्टोअरमधल्या चिठ्ठीवर मारायचात तसा. मी माझं शोधलं. सापडलं. कोपऱ्यात तुमचा शेरा होता, 'उत्तर दिले. अक्षर छान. वडिलांनी लक्ष द्यायला हवे.'

म्हणजे नाहीच ओळखलंत.

मी त्या मुलीला चांद्याचं उत्तर दिलं, फाटक्या खुरासकट. तिने तिथेच वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. "किती समजून घ्यायचे ना सर मुलांना." मी हो म्हटलं. ते पुस्तकात येईल, मैत्रिणीच्या नावाने. तुम्ही लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं पत्र आहे, छापलंच पाहिजे. माझं पत्र मात्र मी दिलं नाही, ते उशीखाली ठेवलंय, या वयात.

हे पत्रही पाठवायचा प्रश्न नाही. चेंबूरची बिल्डिंग पाडून तिथे टॉवर झालाय, आणि घोड्याने उत्तर दिलं तरी खूर मारायला तिथे कोणी बसलेलं नाही. फक्त एक सांगायचं राहिलंय. माझी मैत्रीण तेव्हा म्हणाली होती, तुझे पप्पा अक्षर ओळखतील, डाव्या हाताने लिही. मी तिला हो म्हटलं, घरी आले, आणि उजव्या हाताने लिहिलं.