सोमलिंगाचा तिसरा ठेका

१८ एप्रिल १९७४
बार्शीच्या शाळेने संस्कृत बंद केले आणि मला मोकळे. देवभाषेचा शिक्षक सोलापुरात इलाहीबक्षच्या लाउडस्पीकरच्या दुकानात रुजू झाला. हे पाहायला वडील नाहीत, हे त्यांचे पुण्य. लग्नात रेकॉर्डी लावायच्या, मधून आहेराची नावे पुकारायची. आवाज खणखणीत हाय मास्तर, पण तुमचं ते 'श्रीयुत' जरा आखूड करा, वरात ताटकळती, असे इलाहीबक्ष म्हणाला. भला माणूस. माझ्या मालिनीचे लग्न बारा मेला. लाउडस्पीकर त्याचा आहेर.

२२ एप्रिल
नवा उद्योग. गाण्यांच्या टेपा ब्लेडने कापायच्या, चिकटपट्टीने जोडायच्या, म्हणजे नाच कुठे तुटत नाही. आयुष्यभर संधी शिकवली, आता करतो. मोहोळच्या म्हाताऱ्या सोमलिंगाची हलगी टेप केली. लग्नाचा ठेका, जत्रेचा ठेका. हात तापला तसा तिसराही वाजवून बसला. मग जीभ चावली. ह्यो तेवढा पुसा मास्तर, ह्यो न्हेनारा हाय. नी धातू: नेता, नायक. नाच पुढे नेणारा! म्हाताऱ्याचा विनय, दुसरे काय. तोच सगळ्या गाण्यांखाली घातला, टोकाला टोक जोडून, अखंड.

२८ एप्रिल
साखर पेठेत विणकरांच्या वरातीत टेप लागली नि आजीबाईसुद्धा थांबेनात. इलाहीबक्षने मला दुकानाच्या भिंतीवर 'डान्स मास्तर' म्हणून रंगवले. आठ वराती ठरल्या. नवरदेवाचे चुलते नाचता नाचता पडले, उठलेच नाहीत. ऊन फार होते.

३ मे
दोन वराती, दोन माणसे गेली. पडल्यावरही पाय हलत होते. टेप बंद केल्यावरही. चहावाली केराबाई किटली टाकून आली नि मला अहो-जाहो करायची थांबली. आरं मास्तरा, मयताच्या म्होरं वाजवत्यात ते लग्नात लावलंस व्हय? म्हणजे नेणारा. असा नेणारा. एवढे धातू पाठ, आणि साधे मराठी क्रियापद कळले नाही.

५ मे
मोहोळ. सोमलिंग म्हणतो, स्मशानाच्या वेशीवर हा ठेका तोड, म्हणजे शेवटचे बोल, वाजवून संपवतात. तुमी शेवटच ठिवला न्हाय. तोड शिकव म्हटले. त्याची बोटे खाटेच्या दांडीवर वाजतच राहिली, तोडीपर्यंत पोचेनात.

८ मे
टेपांतला तो ठेका कापून जाळला. गिरणी सुटली. कामगार निघाले. शेकडो पावले, तोच ठेका.

११ मे
मालिनीला हळद लागली. लाउडस्पीकर नको कळवले होते. इलाहीबक्षची बायको लालबी रडत आली. सकाळपासून तो अंगणात नाचतो आहे. शुद्ध नाही. पाय थांबत—

१२ मे
मंगलाष्टके मीच म्हणत होतो. तिसऱ्या ओळीला वृत्त मोडले. माझ्याच तोंडून तो—

कोपऱ्यात बसून लिहितो. उभा राहिलो की पाय ओढतात.

अंतरपाटाखाली मालिनीच्या टाचा, त्याच ठेक्यावर. थांब म्हणून ओरडलो. म्हणाली, अण्णा, मी नाही, पायच—

दाराबाहेर निघाली. मागे सारे वऱ्हाड. कुणी वाजवत नाही.

स्मशानाकडचा रस्ता धरला. मालू, वेशीपुढे नको, थांब, मी ये