स्वयंपाकघराची भिंत

आई, स्वयंपाकघराची भिंत मी पाडली. आता पुढच्या दारात उभं राहिलं की थेट मागचं परस आणि त्यातलं शेवग्याचं झाड दिसतं. कराडच्या या रांगेतल्या घरांना दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती. मागचं दार शेवग्याच्या सावलीत, म्हणून उजेड यायचा तो पुढून, आणि तो तुझ्या भिंतीने आयुष्यभर अडवला. तू भरदुपारी दिवा लावून भाकरी थापायचीस. स्लॅबचा भार भिंतीवर होता, म्हणून तिच्या जागी वर लोखंडी गर्डर टाकून घेतला. ओटा आता बसणाऱ्यांकडे तोंड करून आहे. निर्णय बरोबर होता. मला एकदाही शंका आली नाही.

शंका आबांना होती. तू गेल्यावर कॉलेजातली नोकरी संपवून मी त्यांच्याजवळ राहायला आले, तेव्हापासून नकाशा घेऊन त्यांच्या मागे होते. घर त्यांच्या नावावर. त्यांच्या होकाराशिवाय गवंडी बोलावता येत नव्हता. "भिंत न्हाई तर पावणं कुठं बसायचं आन बाई कुठं ऱ्हायाची?" बाईही पाहुण्यांतच बसेल, मी म्हटलं. "आन च्या?" तुम्ही ठेवा, फौजेत सगळ्या पलटणीचा चहा केल्याच्या गप्पा तुम्हीच मारता. त्यावर बरेच दिवस अबोला. मग एका सकाळी दाढी करताकरता, पाड बाई एकदाची, म्हणाले.

पण गवंडी आला त्या दिवशी त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवली आणि बसून राहिले. गवंडी आवं आबा, आवं आबा करत घण हातात घेऊन उभा. मी त्याला चहाला पाठवलं आणि आबांच्या समोर फरशीवर बसले. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. त्यांनी विचारलं, आईचे ठोके आठवतात का तुला.

कशी विसरेन. पाहुण्यांसमोर तू यायची नाहीस. तशी चालच नव्हती. आबा बाहेरून चहा टाकायला सांगायचे आणि तू आतून उलथन्याने भिंतीवर ठोकायचीस. एक ठोका म्हणजे टाकला. दोन म्हणजे दूध नाही. मग आबा पाय मोकळे करायच्या निमित्ताने पाहुण्याला स्टँडजवळच्या हॉटेलात न्यायचे. पलूसचे पाहुणे माझं स्थळ घेऊन आले, तेव्हा मी तुझ्याशेजारी उभी आहे. बारावीचा निकाल नुकताच लागला आहे. बाहेर ऊस, विहीर, मुलाची नोकरी, सगळं पसंत पडत चाललं आहे. आबांचा आवाज सैल झाला आहे. सुपारी कधी फोडायची, इथवर बोलणं येतं. चुलीवरचं पातेलं काठोकाठ भरलेलं आहे, दुधावर साय धरते आहे. तू माझ्याकडे न बघता दोन ठोके देतेस. बाहेर बोलणं थांबतं. खुर्च्या सरकतात.

हॉटेलातून आबा एकटेच परतले, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी मला सांगलीला कॉलेजात घातलं. पाहुण्यांना काय सांगितलं, हे आपण कधी विचारलं नाही. तू आबांना फसवलंस असं मी इतकी वर्षं मानत आले, आणि मला त्याचा अभिमान होता.

"त्या दिवशी दूध मीच आणलं व्हतं," आबा म्हणाले. "पावणं यायचं म्हणून. चांगलं तांब्याभर जादा."

मग? मी विचारलं.

"मग काय. दूध हाय, तरी ती न्हाई म्हणती. म्हंजे कशाला न्हाई म्हणती, ते कळंना व्हय? तोंडानं कवा बोलली असती ती? जे बोलली ते हितनंच." आणि त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला.

तरीही माझा विचार बदलला नाही. उलट पक्का झाला. नाही म्हणायला बाईला उलथनं लागावं असलं घर मला नको, हे मी त्यांना सरळ सांगितलं. त्यांनी भिंतीवरचा हात काढून घेतला. मग, तुझं बी बरोबर हाय, म्हणाले आणि खुर्चीचे हात धरून उठले. उठताना, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "मला कळलं व्हतं, हे तिला म्हाईत व्हतं का गं?"

मी म्हटलं, होतं. आईनेच मला सांगितलं होतं.

खुर्ची त्यांनी स्वतः उचलून अंगणात नेली आणि गवंड्याला हाक मारली.

तू मला असं काहीच सांगितलं नव्हतंस, आई. हे लिहून झालं की फाडणार आहे. आबा अजून चष्म्याशिवाय वाचतात, आणि या घरात आता काही लपवायला जागा नाही.