चौथ्या वेढ्याची गाठ

तीर्थरूप काकांना,

तुमच्या डावखुऱ्या पुतण्याचा (तोच, ज्याला तुम्ही "आधी हात सुधार, मग ये" म्हणून जाळी विणायच्या खोलीतून बाहेर काढलंत) वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? काकूंच्या खोकल्याला उतार पडला का? होडीचं इंजिन पहिल्या हिसक्याला सुरू होतं, की अजून तुमच्या शिव्या खाल्ल्याशिवाय हलत नाही? इकडे मी ठणठणीत आहे, उजवा गाल सोडला तर. गालाचं पुढे येईलच.

सांगायचं म्हणजे, मला नोकरी लागली. समुद्री कासवांच्या दवाखान्यात. (हसू नका. काकूंनाही हसू देऊ नका, खोकला उसळेल.) टाक्या घासायच्या, पाणी बदलायचं आणि रोज सकाळी कासवांच्या पोटातून जे काही बाहेर पडतं ते गाळून, धुऊन, ट्रेमध्ये नीट मांडून डॉक्टरीणबाईंना दाखवायचं. मंगळवारी एका पिल्लाने टूथपेस्टचं टोपण, फुग्याची रिबन आणि अर्धी पिशवी दिली. पिशवी पाण्यात जेलीफिशसारखी दिसते, म्हणून गिळतात बिचारी. मी त्यांना रागावणार होतो, की अरे, चावून तरी बघा! पण आपल्या घरात तरी कोण चावून खातं, म्हणून गप्प बसलो.

तर गेल्या आठवड्यात एक भलीमोठी मादी आली. नजर थेट आपल्या आत्यासारखी, समोरच्याने काहीतरी लपवलंय याची खात्रीच असलेली. म्हणून मी तिचं नाव आत्या ठेवलं. (हे तुमच्यापाशीच राहू द्या, माझ्या जिवावर बेतेल.) फाटक्या जाळ्यात गुरफटून किती दिवस वाहत होती देव जाणे. पुढच्या पायाला दोरी अशी रुतली होती की मांस सुजून वर आलं होतं. दोरीखाली कात्रीचं टोक शिरेना आणि गाठीवर चालवावी तर ती घसरून पायालाच लागायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ सुटली तर ठीक, नाहीतर संध्याकाळी पाय कापावा लागेल. मी टाकी घासता घासता डोकावलो आणि हातातला ब्रशच पडला. तीन वेढे, मग चौथा उलटा, टोक आत. काका, अख्ख्या जगात ही गाठ एकाच घरात मारतात!

छाती फुगली आणि लगेच खाली बसली. समोरच्या गादीवाल्याकडून दाभण आणलं आणि बसलो. दोन तास घाम गाळला. (तुम्ही बांधायला शिकवलंत, सोडायला कधी शिकवलं नाहीत, हे तेव्हा कळलं.) शेवटी सुटली एकदाची! आता पाय हलतो की नाही, म्हणून सगळे श्वास रोखून उभे. हलला. पहिलाच फटका माझ्या उजव्या गालावर. डॉक्टरीणबाई आनंदाने टाळ्या वाजवत होत्या आणि मला दिवसा तारे दिसत होते. मनात म्हटलं, बाई गं, पत्ता चुकलीस, काकांचं घर पलीकडच्या बंदरावर आहे.

कारण हे तुमचंच काम ना? जाळं फाटलं की होडीतून न्यायचं, टोपी काढायची, "समुद्राचं समुद्राला" म्हणायचं आणि द्यायचं पाण्यात सोडून. अहो, आजोबांचं जाळं सुताचं होतं, कुजून जायचं. आपलं नायलॉनचं. तुम्ही, मी आणि आत्या (दोन्ही आत्या) गेल्यावरही ते तसंच मासे धरत बसणार, खायला कुणी नसताना. एवढंही तुम्हाला सुचू नये? मला तुमचा मनापासून राग आलाय. पुरावा म्हणून त्याच जाळ्यातली दुसरी एक गाठ सोबत पाठवतोय.

काकूंना नमस्कार.

आपला स्पष्टवक्ता पुतण्या

ता. क. गाठ पाकिटात घालताना उजेडात धरून पाहिली. चौथा वेढा डावीकडे वळलाय. आपल्या घरात डावखुरा कोण, हे तुम्हाला सांगायला नको. आणि तुमच्या गुडघ्यामुळे जाळी पाण्यात ढकलायचो ते मीच, हेही आत्ताच आठवलं. एवढं सगळं पुन्हा लिहायचं त्राण नाही, तेव्हा वर जिथे जिथे राग आहे तिथे 'तुम्ही'च्या जागी 'मी' वाचावं. टोपी तेवढी तुमची.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं. मागच्या खोलीत पाच फाटकी जाळी पडली आहेत आणि रविवारी ती सोडायला नेणार, असं काकू फोनवर म्हणाल्या. नेऊ नका, काका, पाया पडतो. शनिवारी मी हातगाडी घेऊन येतो. टोपी काढायचीच असेल तर दारातच काढा, गाडी निघताना, मीही शेजारी उभा राहीन. त्या पाचांतली निम्मी माझ्या हातची असणार. आत्या पत्ता चुकली नव्हती हो, आणि मला अजून एक गाल आहे.